नाथाजीची बंद गाडी

सांगलीहून विश्रामबागेकडं जाताना डाव्या हाताला पत्र्याची एक शेड होती. तिच्यावर पाटी नव्हती, कारण कृष्णात मिस्त्रीला पाटीची गरज कधी वाटलीच नाही. ट्रॅक्टर असो की ट्रक, डिझेलवर चालणारं जे काही चालायचं थांबायचं ते आपसूक त्याच्या दारात येऊन उभं राहायचं. फौजेत बारा वर्षं त्यानं गाड्याच दुरुस्त केल्या होत्या. तिथून येताना तो दोन गोष्टी घेऊन आला, एक डिझेल पंपाची विद्या आणि दुसरी कुणाचं ऐकून न घेण्याची खोड. गिऱ्हाईक बोलायला लागलं की हा हात वर करायचा, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावायचा, आणि डोळे मिटून म्हणायचा, तीन नंबरचं नोझल. ते तीन नंबरचंच निघायचं. फिल्टरमधला गाळ तर तो बोटावर चोळून जिभेला लावून बघायचा. हा टाकीचा गंज, ही शेतातली माती, असं सरळ सांगायचा. बघणारा तोंड फिरवायचा, ह्याला काही नाही. असा माणूस थोडा चढेल असणारच, आणि कृष्णात होता.

१९७६ च्या चैत्रात मात्र हा माणूस पार मऊ पडला होता. नाथाजी माने जाऊन महिना झाला होता.

नाथाजी त्याचा फौजेतला सोबती, तासगाव रस्त्यावरच्या एका गावचा ऊसवाला. कोयनानगरला धरणाचं काम चालू होतं तेव्हा त्यानं तिथं खडी पुरवली. तिथला एक परदेशी साहेब मायदेशी निघाला, त्याची डिझेलवरची जर्मन मोटार नाथाजीनं घेतली. तिचं स्टिअरिंग डावीकडं. पेट्रोलच्या गाडीसारखी तिला ठिणगी लागत नाही. पंप डिझेलचा बारीक फवारा जोरानं इंजिनात मारतो आणि त्यावर ती चालते. त्या वाटेत हवा शिरली की गाडी गप्प. त्या गाडीला कृष्णातशिवाय कुणाचा हात लागायचा नाही, असा नाथाजीचा हुकूमच होता.

फाल्गुनात एका संध्याकाळी नाथाजी शेडवर येऊन फिल्टर बदलून घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी, धारा काढायच्या वेळेला, त्याच्या छातीत कळ आली. मुलगा लालासाहेब ट्रॅक्टर घेऊन कारखान्यावर ऊस घालायला गेलेला. मिरजेच्या दवाखान्यात जायचं म्हणून नाथाजी स्वतःच स्टिअरिंगवर बसला, शेजारी बायको, चंद्राबाई. गाडी सुरू झालीच नाही. गड्यांनी बैलगाडी जुंपेपर्यंत नाथाजी स्टिअरिंगवर डोकं टेकून गेला.

कृष्णात मयतीला गेला, पण गाडीच्या शेडकडं त्यानं मान वळवली नाही. नवा फिल्टर बसवला की वरचा एक लहान स्क्रू ढिला करून आतली हवा काढायची आणि मग तो स्क्रू आवळायचा. तो ढिला राहिला तरी गाडी घरापर्यंत जाते, पण रात्रभर उभी राहिली की तिथून हवा आत शिरते. ढिला केलेला त्याला पक्का आठवत होता. तेवढ्यात चहा आला, नाथाजीनं त्याच्या पिकल्या मिशांची चेष्टा केली, दोघं पोटभर हसले. स्क्रू आवळलेला काही केल्या आठवत नव्हता. महिनाभर हे एकच त्याला आतून पोखरत होतं. आपल्या हातून आपला मित्र गेला का, हे जाणून घ्यायची त्याची हिंमत होत नव्हती.

मग एक दिवस लालासाहेब स्वतःच शेडवर आला. खाली मान घालून त्यानं सांगितलं ते असं. बापाच्या माघारी त्यानं गाडी सुरू करून बघितली, तर इंजिन दोनदा खोकलं आणि थांबलं. नाथाजीची सवय अख्ख्या गावाला ठाऊक होती. घरात शिरण्याआधी तो अंगणात दोनदा खाकरायचा, म्हणजे घरातल्या बायका सावध व्हायच्या. गाडीचा खोकला हुबेहूब तसाच निघाला. धार काढणारी बाई चरवी टाकून पळाली. दहाव्याला कावळा शिवला नव्हता, त्यामुळे लोकांना काही शिकवावं लागलं नाही. तासगावचा एक मिस्त्री आणला, तो खोकला ऐकून बॉनेटही न उघडता परत गेला. आणि आई रोज भर दुपारी गाडीत जाऊन बसायची, एकटीच कुणाशी तरी बोलायची.

"काका, तुमीच या," लालासाहेब म्हणाला. "आई धड जेवत बी न्हाई."

कृष्णात पोचला तेव्हा बारा वाजून गेले होते. वाड्यावस्त्या उन्हात गपगार पडलेल्या. नाथाजीच्या गाडीच्या शेडचा पत्रा तापून मधूनच कडकड वाजत होता. आत अंधारात गाडी होती आणि आपल्याकडं ड्रायव्हर जिथं बसतो त्या बाजूला कुणीतरी ताठ बसलं होतं. कृष्णात दोन पावलं मागं सरला. मग त्याला आठवलं, हिचं स्टिअरिंग दुसऱ्या बाजूला. बसली होती ती चंद्राबाई, आणि तिचं तोंड शेजारच्या रिकाम्या जागेकडं होतं.

ती त्याला बघून दचकली नाही. बसा म्हणाली, जसं घरात पाट मांडून म्हणावं. त्या जागेवरची गादी अजून दबलेली होती. कृष्णात अंग चोरून कडेला बसला. त्यानं गोल बटण ओढून धरलं. इंजिन सुरू करण्याइतकं तापल्याची खूण म्हणून समोरच्या जाळीतली तार हळूहळू लाल झाली. बटण आणखी ओढलं, तसं इंजिन खोकलं. एकदा, मग थोडं थांबून पुन्हा एकदा. चंद्राबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला. कृष्णातनं तीस वर्षांत हजार इंजिनं ऐकली होती, पण हा आवाज ऐकून त्यानं बटण झटकन सोडलं.

खरं तर त्यानं आधी बॉनेट उघडायला हवं होतं. त्यानं उघडलं नाही, मागं जाऊन टाकी उघडली. भीतीच ती, दुसरं काय. झाकण फिरवताच टाकीनं सुस्कारा सोडल्यासारखी लांबलचक हवा आत ओढली. त्यानं खालचा नट काढून डिझेल घमेल्यात उतरवलं. तळाला करडा, मऊ गाळ आला.

कृष्णातचा जीव भांड्यात पडला. गाळ! म्हणजे वाट गाळानं तुंबली होती, स्क्रूचा काही संबंध नव्हता. त्यानं गाळ बोटांवर चोळला, सवयीनं जिभेला लावला. गंज नव्हता. माती नव्हती. खारट लागलं, चुलीतल्या राखेसारखं, आणि मध्येच दातांखाली काहीतरी बारीक करकरलं.

"वैनी, टाकीत राख कुणी घातली?"

"मी," चंद्राबाई म्हणाली. "सावडायच्या दिवशी. बाकीची कृष्णामाईत सोडली, मूठभर पदराला बांधून आणली. त्येंस्नी गाडीबिगार कवा करमलंय का?"

कृष्णात तसाच उभा राहिला. त्याला थुंकवेना आणि गिळवेना. शेवटी त्यानं गिळलं.

घोट उतरला तेव्हा त्याला दुसरी गोष्ट कळली. राख सावडली तिसऱ्या दिवशी. गाडी बंद पडली त्याच्या आधी, नाथाजी जिवंत असताना. आता त्याला सबब उरली नाही.

तो पुढं आला, बॉनेट उचललं. पाना लावावा लागलाच नाही. स्क्रू बोटानं हलला, अर्धा आटा ढिला होता. भोवती झिरपलेल्या डिझेलवर महिन्याची धूळ चिकटून बसली होती, म्हणजे दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नव्हता. कृष्णातच्या कानांत नुसतं गुं गुं व्हायला लागलं. पण हात आपलं काम करत राहिले. त्यानं डिझेल फडक्यातून गाळून राख वेगळी केली, ते फडकं चंद्राबाईच्या हातात ठेवलं. टाकी आणि फिल्टर धुतला, नवं डिझेल घातलं, इंजिनावरचा डिझेलचा हातपंप मारला. स्क्रूखालून फसफसत हवा आली, मग नुसतं डिझेल. त्यानं स्क्रू आवळला. एकदा आवळला, पुन्हा आवळला.

बटण ओढलं आणि गाडी पहिल्या दमात सुरू झाली. पत्रा थरथरला. लालासाहेब धावत आला, मागून बिचकत गडी आले. फडक्यातली राख टाकीत कशी गेली ते चंद्राबाईनं सांगितलं, तसा लालासाहेब आईवर चिडला. तू घातलेल्या राखेनं गाडी बिघडली आणि आम्ही भुताच्या नावानं घाबरत बसलो, असं बोलला. चंद्राबाईनं मान खाली घातली. कृष्णातला गप्प बसणं किती सोपं होतं! तो सुटला असता, जन्मभरासाठी.

त्यानं इंजिन बंद केलं.

"राखेनं काय झालं न्हाई," तो म्हणाला. "फिल्टरचा स्क्रू मी ढिला ठिवला हुता, आदल्या सांजंला. म्हणून त्या दिवशी गाडी..."

लालासाहेब एक पाऊल पुढं आला, तेव्हा चंद्राबाईनं हात आडवा केला.

"ठावं हाय," ती म्हणाली. "ह्येंनीच सांगितलं. दोनदा बटण वडलं, आन् म्हणाले, किसनातनं हवा ठिवली बघ. मी म्हणलं, गडी धाडून बोलावते. तर माझा हात धरला. म्हणाले, त्याला कवाच सांगू नगंस, त्यो परत पान्याला हात लावायचा न्हाई."

कृष्णात गाडीतून उतरला, चाकाला टेकून खाली बसला आणि ढसाढसा रडला. मयतीच्या दिवशी तो रडला नव्हता. गडी एकेक करून निघून गेले. लालासाहेब पाठ फिरवून उभा राहिला. चंद्राबाई गाडीतून उतरली, खाली पडलेला पाना उचलून तिनं पदरानं पुसला आणि त्याच्यासमोर धरला.

"घ्या, भावजी," ती म्हणाली. "शेवटच्या घटकंला त्येंनी तुमचीच काळजी केली."