गाडीच्या पोटाला माशाचं तेल

त्या फेब्रुवारीत आमच्या घरात तीन माणसं होती आणि एकालाही बूड टेकवून बसता येत नव्हतं. आई वॉकर घेऊन हॉलमधून बाल्कनीत, बाल्कनीतून हॉलमध्ये येरझाऱ्या घालायची. आमचे हे सारखे लिफ्टने खाली जाऊन गाडीखाली डोकावून यायचे. मी भाजी चिरता चिरता उठायचे आणि कशाला उठले तेच विसरायचे.

कारण एकच, शिमगा जवळ आला होता. माझं माहेर कोकणात, अगदी समुद्राला लागून. शिमग्यात गावदेवीची पालखी घरोघर येते. दार उघडं असलं तर अंगणात नाचते, ओटी भरून घेते. दाराला कुलूप दिसलं तर पुढे जाते. आमच्या दाराला कुलूप कधी दिसलं नव्हतं. बाबा गेल्यावर आई एकटी राहायची, तरी पालखीला उंबऱ्यात उभी असायचीच. पण गेल्या मे महिन्यात ती विहिरीपाशी पाय घसरून पडली, खुबा मोडला, आणि आम्ही तिला पुण्याला उचलून आणलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण तिचं मन इथे काही रमेना.

"मला शिमग्याला घरी पोचवा. बाकी मी काही मागत नाही," एवढंच तिचं पालुपद.

ऐकायला सोपं आहे हो! पण आमच्या त्या घरापर्यंत रस्ताच नाही. डांबर संपलं की पुढे पाऊण मैल नुसती पुळण. ओहोटीला ओली वाळू घट्ट होते, तेवढ्या वेळात चारही चाकं ओढणारी गाडी निघून जाते. साधी गाडी जागच्या जागी रुतते. पूर्वी आई हे अंतर डोक्यावर पाटी घेऊन चालायची. आता वॉकर घेऊन वाळूत कशी चालणार? गावातली पोरं खुर्चीत बसवून नेतील, असं मी सुचवून पाहिलं.

"खांद्यावरून एकदाच जायचंय," आई म्हणाली, "आणि ते घरात नाही, घरातून."

म्हणजे गाडीच हवी. आमच्याकडे ती आहे. यांनी निवृत्तीनंतर हौसेनं घेतलेली, सेकंडहँड, दणकट. यांचा तिच्यावर जीव, आणि खाऱ्या पाण्याचा यांना धसका. पूर्वी माहेरी गेलो की गाडी डांबरावर उभी राहायची आणि मी पिशव्या घेऊन वाळू तुडवत जायचे. "मीठ पत्रा खातं," हे वाक्य मी लग्नाच्या मंगलाष्टकांपेक्षा जास्त वेळा ऐकलंय. फक्त त्या मे महिन्यात, आई विव्हळत पडली होती तेव्हा, यांनी एक शब्द न बोलता गाडी थेट लाटेच्या कडेनं दारापर्यंत नेली होती.

पण पुण्यात आल्यावर यांना चैन पडेना. आई ऑपरेशनच्या टेबलावर आणि यांच्या डोक्यात गाडीखालचं मीठ. ते धुवायचं कसं? आम्ही राहतो सिंहगड रस्त्याला, खडकवासला हाकेच्या अंतरावर, तरी मे महिन्यात नळाला पाणी दिवसाआड. सोसायटीनं पार्किंगमध्ये पाटी लावलेली: "पाईपने गाड्या धुवू नयेत. गाडी ही आपली हौस आहे. पाणी सर्वांचे आहे." हे पडले नियमाचे भक्त. अर्ध्या बादलीत फडकं बुडवून हात पोचला तेवढं पुसलं आणि मीठ आणखी काम करायच्या आत म्हणून तातडीनं गाडीच्या पोटाला काळं रबरी कोटिंग मारून आणलं. काय तुकतुकीत दिसत होतं! शेजाऱ्यांना वाकायला लावून दाखवलं यांनी.

फेब्रुवारीत प्रवासाची तयारी म्हणून हे पुन्हा गाडीखाली शिरले. एका जागी कोटिंगला फुगा आला होता. यांनी स्क्रूड्रायव्हरनं टोचलं, आणि तो मुठीपर्यंत आत गेला.

हे वर आले तेव्हा तोंडाचा रंग उडाला होता. "मिठावरच कोटिंग मारलं गं मी," म्हणाले. "आत कोंडून ठेवलं त्याला."

मला इतका संताप आला! गाडीवर नाही, सोसायटीवर, पाटीवर, यांच्या शिस्तीवर. पाणी चोरून धुतली असती तर काय आभाळ कोसळणार होतं? मी तसं बोललेही, चांगलं मोठ्यानं. आईनं हॉलमध्ये वॉकर आपटला. "भांडा नंतर. शिमगा थांबायचा नाही."

वाघोलीला एक वेल्डिंगवाला होता, त्याच्याकडे गाडी नेली. त्यानं ती रॅम्पवर चढवली, सगळं कोटिंग खरवडलं आणि हसायला लागला. "ताई, वरनं नवरी हाय आन् आतनं भुगा!" चासीची एक आडवी पट्टी पार सडली होती. ती कापून नवीन घालायची, तर सामान येईना. सामान आलं तर वीज जाई. मी रोज फोन करायचे, रोज तो म्हणायचा, "उद्या घेऊन जावा." इकडे आईनं आपलं पातळ, देवीसाठी कुंकवाचा करंडा आणि ओटीचा खण पिशवीत भरून पिशवी दारापाशी नेऊन ठेवली. येता-जाता त्या पिशवीला माझा पाय लागायचा. हिला वेळेत नेता आलं नाही तर काय, आणि नेता आलं तर ही परत यायची नाही, हेही मला आतून कळत होतं. दोन्हीकडून जीव टांगणीला.

शेवटी गाडी आली. आता पोटाला लावायचं काय? पुन्हा ते रबर लावायला हे धजेनात.

"माशाचं तेल लावा," आई म्हणाली. "माझा बाप होडीला लावायचा."

"अहो आई, होडी लाकडाची असते."

"आणि खिळे कशाचे असतात, जावयबापू?"

यांनी मला गावी फोन लावायला सांगितला. माझ्या मावसभावानं मासळीच्या टेम्पोतून तेलाचा डबा धाडला. झाकण उघडलं मात्र, अरे देवा! आमचे हे म्हणजे सदाशिव पेठेत वाढलेला माणूस, लग्नानंतर माझ्या धाकानं डोळे मिटून सुरमई खायला शिकलेला. तो रेनकोट घालून, नाकाला रुमाल बांधून गाडीखाली आडवा झाला आणि ब्रशनं सांधा न् सांधा माखला. वरून आई बाल्कनीतून ओरडतेय, "कोपऱ्यात मारा, कोपऱ्यात! कड सोडू नका!"

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली परिसरातली यच्चयावत मांजरं जमली होती. एक तर चासीला लोंबकळून चाटत होतं. दुपारपर्यंत पाटीवर नवी ओळ आली: "मत्स्यव्यवसाय कृपया किनारपट्टीवर करावा." मी वाचली आणि कितीतरी दिवसांनी पोट धरून हसले.

शिमग्याच्या पालखीच्या दिवशी पहाटे निघालो. ताम्हिणी उतरेपर्यंत गाडीत त्या तेलाचा दर्प कोंदला होता. हे सारखे घड्याळ बघत होते, आई सारखी खिडकीतून बघत होती. डांबर संपलं तेव्हा भरतीला सुरुवात झाली होती. ओल्या वाळूचा पट्टा अरुंद होत चालला होता. यांनी गाडी थांबवली. आता हे उतरून वाळू चाचपणार, मग विचार करणार, मग... माझा जीव कासावीस झाला.

"थांबू नका," पुढच्या सीटवरून आई म्हणाली. "वाळूत थांबला तो बसला."

यांनी गिअर टाकला. पाणी चाकांखालून फर्रर्र उडत होतं, गाडीच्या पोटावर आपटत होतं. एरवी त्या आवाजानं यांच्या कपाळावर आठ्या पडल्या असत्या. त्या दिवशी यांनी खाली बघितलंदेखील नाही.

आईनं कुलूप स्वतः काढलं. एका हातात वॉकर, एका हातात किल्ली; मला हात लावू दिला नाही. झाडलोट झाली, अंगणात पाणी शिंपडलं, आणि दुपारी ढोल ऐकू आला. पालखी आमच्या अंगणात नाचली. आई उंबऱ्यात उभी होती, खण हातात, आणि रडत होती. मीही रडले, लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिची पिशवी शोधत होते. ती खुंटीला टांगलेली होती, रिकामी.

"आई, असं एकटं राहता येईल का तुला आता?"

शेजारची सून रात्री झोपायला येणार होती, ते आईनं आधीच ठरवून टाकलं होतं. मग ती यांच्याकडे वळली. "जावयबापू, निघा बघू. भरती चढेल. गाडी खाऱ्या पाण्यात सापडली तर पत्रा सडेल तुमचा."

यांच्याच तोंडचं वाक्य यांना सुनावून तिनं आम्हाला घालवून दिलं. वळून बघितलं तर ती दारात उभी होती आणि लवकर जा म्हणून हात हलवत होती.

पुण्यात आल्या आल्या यांनी पाईप लावला आणि गाडीखाली फवारा धरला. वाळू लोंढ्यानं बाहेर आली. सोसायटीचे सेक्रेटरी तरातरा आले. "वहिनी, पाटी वाचता येते ना?"

"येते. पाणी सर्वांचं आहे, असं लिहिलंय. त्यात माझ्या आईचं पण आलं."

ते काय समजले कोण जाणे, पण गेले. हे गाडीखालून बाहेर सरकले, डोक्यापासून पायापर्यंत चिखल. "वाळली की दुसरा हात मारतो," म्हणाले. "डब्यात तेल आहे अजून. तुझ्या आईला आणायला कधीही निघावं लागलं, तर गाडीनं नाही म्हणता कामा नये."

मी नाकाला पदर न लावता डब्याचं झाकण उघडलं आणि ब्रश यांच्या हातात दिला.