पलटणदादाची तपासणी

पलटणदादा पंगतीला कधी बसला नाही. रिठदला कुणाचंही लग्न असो, तो मांडवाच्या खांबाला पाठ टेकून उभ्यानंच जेवायचा. हा माझा सख्खा थोरला भाऊ. पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेला होता. तिथं बोटीतून उतरवताना दारूगोळ्याच्या पेट्या अंगावर कोसळल्या आणि त्याची कंबर अन् उजवा गुडघा कायमचे धरले. गावी परतला तेव्हापासून लोक त्याला पलटणदादाच म्हणायचे.

दुखतं, असं मात्र तो कधी म्हणायचा नाही. वहिनी शेकायला वीट तापवून आणायची, तर तिला म्हणायचा, "काई नाई वं, जरासं आखडलं." बैल जुंपताना ओठ आवळायचा, तेवढंच.

जायबंदी शिपायाच्या पेन्शनीसाठी त्यानं अर्ज केला, तो फेटाळला गेला. कारण काय, तर हे शेतकामाचं दुखणं, लढाईचं नाही. मग वाशीमच्या एका वकिलानं अपील लिहून दिलं आणि पुन्हा तपासणी लागली. बैलगाडीत रस्ताभर मी त्याला बजावत होतो, "दादा, दुखते तं दुखते म्हन. वाकू नको." तो नुसता "हो, हो" करत होता.

लष्करी डॉक्टरानं आधी त्याची पाठ चाचपली. मग एकदम पलटणीतल्या आवाजात ओरडला, "जवान! झुको!"

आणि दादा वाकला. बोटं पार पावलांना लागली. चेहरा पांढराफटक पडला, पण तोंडातून आवाज नाही.

"दर्द है?"

"नहीं, साहब."

बाहेर येताच तो भिंतीला धरून खाली घसरला. मी चिडलो होतो. "काहून वाकला तू?"

"हुकूम देल्ला न त्यानं, बापू," तो खजील होऊन म्हणाला. "आंग आपोआपच गेलं."

त्याला गाडीत उचलून घालावं लागलं. अपीलही गेलं, आणि दादा पुन्हा खाटेवरून उठला नाही. वकील म्हणाला, आणखी एकदा दाद मागता येईल, पण जातीनं हजर राहावं लागेल. ते ऐकून दादाला हसू आलं. "आता खरंच वाकता येत नाई, तं मले जाता बी येत नाई."

थंडीतल्या एका सकाळी मी त्याची कूस बदलत होतो. त्यानं माझं मनगट घट्ट धरलं. "बापू, लय दुखून राह्यलं रे."

मी वहिनीला हाक मारली. तिलाही त्यानं तेच सांगितलं. मग दाराशी आलेल्या शेजाऱ्याला. दुपारपर्यंत जो येईल त्याला तो सांगत होता, लय दुखते, लय दुखते. दिवस मावळायच्या आत गेला.