जमीन जळत नाही

आमच्या घरात मागणी नेहमी दुप्पट लिहिली जायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, चाकणला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात होते आणि युनियनचं मागणीपत्र बरीच वर्षं त्यांच्याच हाताने लिहिलं जायचं. पगारवाढ जेवढी हवी त्याच्या दुप्पट मागायची. मॅनेजमेंट घासाघीस करून निम्म्यावर आणतं, आणि आपल्याला हवं तेवढं पदरात पडतं. हे गणित मी पाढ्यांच्या आधी शिकले. माझ्या शाळेच्या वह्यांना उरलेल्या पत्रकांची कव्हरं असायची. बाहेरच्या कोऱ्या बाजूवर माझं नाव आणि इयत्ता, आतल्या बाजूला ‘कामगार बंधूंनो’. वाक्य छोटं असावं आणि ते कुणाच्या तरी बाजूने उभं असावं, हे मला त्या पत्रकांनी शिकवलं.

पण त्या पत्रकांमध्ये ‘भगिनींनो’ फार कमी वेळा असायचं. हे माझ्या लक्षात यायला घराच्या विम्यावरून वाद व्हावा लागला.

आमचं घर चिखलीच्या पुढे, कामगारांनी प्लॉट घेऊन एकेक करून बांधलेल्या वस्तीत आहे. घर बँकेच्या कर्जावर झालं आणि कर्जाबरोबर घराचा विमाही आला. कर्ज फिटलं, विमा चालू राहिला. दर वर्षी एजंट यायचे, चहा घ्यायचे, हप्ता घेऊन जायचे. हे एजंट पूर्वी कारखान्यात अण्णांच्याच खात्यात होते, त्यामुळे त्यांना कुणी काही विचारायचं नाही. विमा फक्त बांधकामाचा होता. घराच्या आत जे होतं ते कुठल्याच हिशेबात नव्हतं.

आणि आत होती आईची खानावळ. मी शाळेत असताना मालकांनी कारखान्याला टाळं ठोकलं. अण्णा रोज गेटवर धरणं धरून बसायचे आणि आईने डबे सुरू केले. आधी धरण्यावरच्याच चार जणांचे, मग आकुर्डीच्या कॉलेजांतल्या मुलांचे. त्या काळात आमची चूल तिच्या पोळ्यांवर चालली. टाळं उघडलं, अण्णा कामावर परत गेले, त्यांचा हार घालून सत्कार झाला. डबे मात्र चालूच राहिले. त्यातून तिने मोठी शेगडी घेतली, डीप फ्रीजर घेतला, कणीक मळायचं मशीन घेतलं. ते मशीन आलं त्या दिवशी तिने आपली मनगटं कितीतरी वेळ नुसती चोळली.

गेल्या वर्षी पलीकडच्या गल्लीत चार्जिंगला लावलेल्या स्कूटरने पेट घेतला. माणसं वाचली. भिंती काळ्या पडल्या, पण उभ्या राहिल्या. आतलं सगळं गेलं. त्या घरातल्या बाई शिवणकाम करायच्या. त्यांची मशिनं वितळून फरशीला चिकटली होती. घराचा विमा होता, रंगाचे आणि प्लास्टरचे पैसे मिळाले. मशिनांचं कुणी विचारलंही नाही. आई त्यांना दोन दिवस डबा देऊन आली आणि तिसऱ्या दिवशी जेवताना अण्णांना म्हणाली, “यंदा विम्यात माझं सामान घ्यायचं.”

“हप्ता किती वाढलाय बघितलास का,” अण्णा म्हणाले. “पेन्शनीत बसत न्हाई. यंदा बंदच करावा म्हणतोय.”

“बंद करू नका. सामान घ्या.”

“सामानाचा आणखी वेगळा पडंल. एक कायतरी धर.”

“मग सामान धरते. घर तुमच्या नावावर आहे, तुमचं तुम्ही बघा.”

अण्णांनी घास खाली ठेवला. इतक्या वर्षांत आईने घराच्या मालकीचा विषय काढलेला मी ऐकला नव्हता. मी ताटावरूनच जाहीर केलं की टाळेबंदीत ज्या शेगडीने या घराला पोसलं, तिला संरक्षण नसेल तर अण्णांच्या सगळ्या चळवळीला काही अर्थ नाही. अण्णा म्हणाले, “भाषण नको, तोड सांग.” तोड माझ्याकडे नव्हती. पण मला चीड भरपूर आली होती, आणि तिच्या जोरावर मी कामाला लागले.

पहिल्यांदा एजंटांना बोलावलं.

“वहिनी, सामान घेऊ की,” ते आईला म्हणाले. “फक्त ते खानावळीचं काढू नका. घरगुती वापराचं म्हणायचं. स्वस्तात बसतं.”

“आणि आग लागली तर?” मी विचारलं.

“अगं, तू शुभ बोल.”

“काका, शुभ बोलायला विमा कशाला लागतो?”

अण्णा गालात हसले. एजंटांना चहा गरम लागला बहुतेक, ते बशीत ओतून फुंकत बसले. आईने मात्र तिथल्या तिथे विषय संपवला. “भाऊजी, एवढ्या वर्षांत मी कुणाच्या डब्यात शिळी भाजी घातली नाही. कागदावर खोटं कशाला घालू? मी खानावळ चालवते. तेच लिहायचं.”

म्हणून आम्ही तिघं थेट कंपनीच्या चिंचवडच्या ऑफिसात गेलो. अण्णांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. वाटाघाटींना जाताना ते तोच घालायचे. काउंटरपलीकडे माझ्याच वयाची एक अधिकारी बाई होती. अण्णांनी खुर्ची पुढे ओढली, घसा साफ केला आणि म्हणाले, “मॅडम, आमची मागणी अशी हाय की हप्ता निम्मा करावा. पण आमी चर्चेला तयार हाय.”

“काका, हप्त्यावर चर्चा होत नाही,” ती म्हणाली. “तुम्ही घराची जी रक्कम सांगता तिच्यावर तो ठरतो. ही रक्कम कुणी सांगितली?”

“मीच सांगितली.”

“कशावरून?”

आता अण्णा खुलले. त्यांनी सांगितलं की विमा घेताना त्यांनी आधी जागेच्या दलालाकडे घराचा बाजारभाव विचारला. मग तो दुप्पट करून लिहिला. म्हणजे उद्या काही झालं तर कंपनी पाडून पाडून निम्म्यावर आणेल आणि आपल्याला बरोबर आपले मिळतील. हे सांगताना त्यांचा चेहरा असा होता की आता समोरची बाई हात जोडून म्हणेल, काका, तुम्ही तर मुरलेले निघालात.

तिने अगदी सावकाश विचारलं, “काका, दलालाने सांगितलेल्या भावात जमीन धरलेली होती?”

“मंग? जमिनीलाच तर भाव हाय.”

“जमीन जळत नाही, काका. घर पूर्ण पडलं तरी प्लॉट तिथेच राहतो. आम्ही फक्त ते बांधकाम पुन्हा उभं करायला जो खर्च येईल तो देतो. विटा, सिमेंट, मजुरी. तुम्ही दुप्पट लिहा नाहीतर दहापट लिहा, नुकसान जेवढं झालं तेवढंच मिळणार. हप्ता मात्र तुम्ही लिहिलेल्या आकड्यावर घेतला जातो.”

माझ्या डोळ्यांसमोर सगळी वर्षं उभी राहिली. मेट्रो आली, रस्ते रुंद झाले, आजूबाजूला टॉवर उठले. दर वर्षी अण्णांनी लिहिलेल्या त्याच आकड्यावर कंपनीने थोडी थोडी वाढ चढवली. आणि आम्ही न जळणाऱ्या जमिनीचा हप्ता भरत राहिलो, तोही बाजारभावाच्या दुप्पट आकड्यावर. मला संताप आला आणि त्याच वेळी हसूही फुटत होतं. मालकांना इतकी वर्षं घाम फोडणारी युक्ती इथे आमच्यावरच उलटली होती.

“मग अगदी कमी लिहा,” मी झटक्यात म्हणाले. “निम्म्याहून निम्मं.”

“तेही करू नका,” ती बाई म्हणाली. “खरा खर्च शंभर असताना तुम्ही पन्नास लिहिलेत आणि एक खोली जळली, तर त्या खोलीच्या खर्चातलाही निम्माच भाग मिळेल, असं बऱ्याच पॉलिसींत असतं. खरं लिहा. तेच सगळ्यात स्वस्त पडतं.”

आई इतका वेळ पर्स मांडीवर धरून बसली होती. ती पुढे सरकली. “माझी खानावळ आहे,” ती म्हणाली. “ते कसं लिहायचं?”

त्या बाईने सांगितलं, ते फार सोपं निघालं. कपाटं, टीव्ही, घरचा फ्रीज, कपडे हे घराच्या पॉलिसीत सामान म्हणून जातं. शेगडी, डीप फ्रीजर, कणकेचं मशीन हे धंद्याचं सामान. ते घरगुती म्हणून लपवलं तर नेमकं गरजेच्या वेळी कंपनी नाकारू शकते. त्याला छोट्या धंद्याची वेगळी पॉलिसी असते.

मग तिने हिशेब मांडला. बांधकाम त्याच्या खऱ्या खर्चाला. घरातलं सामान. आणि आईच्या धंद्याची वेगळी पॉलिसी. तिने तिन्हींची बेरीज करून स्क्रीन आमच्याकडे वळवली. तिन्ही मिळून होणारा हप्ता आमच्या एकट्या भिंतींच्या जुन्या हप्त्यापेक्षा कमी होता. मी आकडा दोनदा वाचला. अण्णांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि वाचला. जास्तीचं मागितलं नव्हतं, कुणाची मिनतवारी केली नव्हती, खोटंही बोललो नव्हतो. आणि तरी आईला हवं ते सगळं मिळालं होतं. मी बरेच मोर्चे पाहिले आहेत. इतका स्वच्छ विजय क्वचित पाहिला.

“धंद्याच्या पॉलिसीवर मालक म्हणून कुणाचं नाव?” बाईने विचारलं.

अण्णा सवयीने पुढे झुकले. मग थांबले, खुर्ची मागे घेतली आणि आईकडे हात केला. “ह्यांचं.”

आईने आपलं पूर्ण नाव सांगितलं. ‘व्यवसाय’ या रकान्यात रेशनकार्डापासून बँकेच्या खात्यापर्यंत आजवर तिच्या नावापुढे ‘गृहिणी’ लिहिलं गेलं होतं. तिथे त्या दिवशी ‘खानावळ’ लिहिलं गेलं. तिने ते बोटाने दाखवून मला वाचायला लावलं, वाचता तिलाही येत होतं तरी.

त्या आठवड्यात मी पत्रक काढलं. मथळा दिला, ‘जमीन जळत नाही’. सुरुवात केली, ‘भगिनींनो आणि बंधूंनो’. रविवारी अण्णांनी, कारखान्याच्या गेटवर घ्यायचे तशी, आमच्या फाटकासमोर गेट मीटिंग घेतली. आपली दुप्पट मागणीची चूक त्यांनी सगळ्यांपुढे अशी रंगवून सांगितली की लोक पोट धरून हसले, आणि मग एकेक जण बाजूला येऊन हळूच विचारू लागला, आमचंही तसंच झालंय का बघा. शिवणकामवाल्या बाई सगळ्यात पुढे होत्या. त्यांनी कर्ज काढून नवी मशिनं घेतली होती, आणि पत्रकाच्या दोन प्रती मागून नेल्या, एक बहिणीला द्यायला.

एजंटकाकाही आले होते. ते अण्णांना म्हणाले, “राव, माझं कमिशन खाल्लंस की.”

“इतकी वर्षं तू माझी जमीन जाळत होतास,” अण्णा म्हणाले. “बस, चहा घे.”

लोक पांगल्यावर अण्णा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. आत आईची पॉलिसी फ्रीजरच्या वरच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या शेजारी लावलेली होती.

“जन्मभर मॅनेजमेंटशी भांडलो,” ते म्हणाले, “आणि आता मॅनेजमेंट घरातच निघाली.”

“मग उद्यापासून कांदे चिरायला या,” आई मान वर न करता म्हणाली. “फर्स्ट शिफ्ट.”

“ओव्हरटाइम दुप्पट लागंल.”

“मागा की दुप्पट,” आई म्हणाली. “काम होईल तेवढंच मिळणार.”

दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा अण्णा ओट्यापाशी उभे होते, डोळे पुसत. समोर चिरलेल्या कांद्याचा ढीग होता. आईने तो पाहिला, दोन फोडी उचलून त्यांची जाडी बघितली आणि म्हणाली, “अजून बारीक.”