पेटीबाईंचं काऊन

आमच्या सुलतानपूरच्या शाळेतल्या पेटीबाई प्रश्नाचं उत्तर कधी द्यायच्याच नाहीत! "बाई, ही गोफण कोनाची?" विचारलं की उलट आमच्याच अंगावर, "तुले काय वाटते? अन् काऊन वाटते?" काऊन म्हणजे का. आमच्या वऱ्हाडात 'का' म्हटलं तर पाहुणा आला वाटतं!

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं नवं होतं आणि मी चौथीत. नागपूरला जुन्या वस्तूंचं मोठं संग्रहालय आहे म्हणे, पण तिथं आमची वरात नेणार कोण? म्हणून बाईंनी आपल्या लग्नातली लोखंडी पेटीच रिकामी केली. लुगडी गेली खुंटीवर आणि पेटीत आल्या गोफण, कवड्या, घुंगरमाळ, किलो आल्यावर अडगळीत पडलेली पायली! प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर माहिती नाहीच, एक प्रश्न फक्त.

पहिल्या चिठ्ठ्या पुस्तकी होत्या. 'या मापाचा आकार वर्तुळाकार का असावा?' गण्यानं भीत भीत विचारलं, "बाई, परीक्षा हाय का?" बाईंनी सगळ्या चिठ्ठ्या टराटरा फाडल्या. "घरी बोलता तसंच लिहू." नवी चिठ्ठी आली, 'पायली गोल काऊन?' आणि काय सांगू, मधली सुट्टी झाली तरी आम्ही भांडतच होतो!

बाईंना ही पेटी गावोगावच्या शाळांत फिरवायची होती. परवानगी होती शाळा तपासणाऱ्या डिप्टीसाहेबांच्या हातात. साहेब पुण्याकडचे. चिठ्ठ्या वाचता वाचता कपाळावर आठ्या. "बाई, हे अशुद्ध शाळाशाळांत पसरवायचं? 'का' लिहा. उद्या पाहतो, नाहीतर पेटी बंद."

"लिहिते, साहेब," बाई एवढंच म्हणाल्या. आमचे तर चेहरेच उतरले.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे वळणदार अक्षरात 'का'. साहेबांनी घुंगरमाळेची चिठ्ठी माझ्यापुढे धरली. लिहिलं होतं, 'बैलाला घुंगरं का बांधतात?' मी ठणठणीत वाचलं, "बैलाले घुंगरं काऊन बांधतेत?"

"अगं, इथे नुसतं 'का' आहे! हे 'ऊन' कुठून आलं?"

मागून गण्या ओरडला, "बाहेरून, साहेब! चैत लागला न!"

बाईंनी डोळेच मिटले. आणि साहेब हसले! असे हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग घुंगरमाळ स्वतःच वाजवत म्हणाले, "बरं, सांगा. काऊन बांधतात?" सगळे एकदम सुटलो! सापकिरडू पळते म्हणून, समोरच्या गाडीले कळते म्हणून, "आमच्या ढवळ्याले आवडते म्हणून!" साहेबांनी परवानगी दिली.

आम्ही नाचलो. नाचताना डोक्यातच आलं नाही की पेटी फिरणार म्हणजे बाईही जाणार.

पहिली शाळा चिखलीची. आम्ही बाईंना गाडीवर पोचवायला गेलो. एसटीत कंडक्टर कुरकुरला, "काय बाई, गोटे भरले का इच्यात? उघडा." पेटी उघडली. शेजारच्या फेटेवाल्या आजोबांनी पायली उचलून मांडीवरच घेतली. "आवं पोरी, अशीच आमच्या घरी होती! माह्या मायनं..."

बाई त्यांच्याकडे वळल्या त्या वळल्याच. आम्ही खिडकीखाली हात हलवतोय, आणि त्यांना आमची आठवणच नाही! गाडी हलली. मी रडणारच होते. पण तेवढ्यात कंडक्टरनं तिकिटं सोडून गोफण हातात घेतलेली दिसली, आणि मी गण्याला कोपरानं ढोसलं.

"पाह्य बे, पाह्य! पेटी सुरू झाली!"