लेकीच्या ओळीतली डाळिंबं

आबांनी बागेतली बांधाकडची एक ओळ माझ्या चोळीबांगडीसाठी राखून ठेवली होती. फळं लेकीची, राखण भावाची. आबा गेल्यावरही धाकट्यानं ती ओळ मोडली नाही, याचं मला कोण कौतुक! सणसवाडीच्या भाड्याच्या खोलीत शेजारणींना मी मोबाइलवरचे फोटो दाखवत मिरवायची. माझी झाडं हिरवीगार, डोक्याच्या वर गेलेली. फळाचं विचारलं की हा म्हणायचा, "ताई, यंदाबी बहार चुकला बघ. पण झाडं कसली जोमात हायेत!"

यंदा नवऱ्याची कंपनीतली नोकरी गेली. माहेरी जाऊन राहायचं, आपली ओळ आपण बघायची आणि जोडीला कुणाची जमीन वाट्यानं करायची, असं आम्ही ठरवलं. भावाला सांगायला म्हणून मी एकटीच जीपनं तळेगावला उतरले आणि घरात न जाता थेट बागेत शिरले.

त्याची झाडं आतून मोकळी, फांद्या फळांनी वाकलेल्या. माझ्या ओळीत नुसतं रान. डाळिंबाच्या बुंध्यातून सरळसोट फुटवे उठतात. ते फळ देत नाहीत आणि झाडाचा सगळा जोर खातात, म्हणून वेळच्या वेळी काढावे लागतात. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही कळतं. माझ्या झाडांना इतके फुटवे होते की मूळचं खोड शोधावं लागत होतं. जोमात होती, खोटं नव्हतं. काँग्रेस गवतही जोमातच असतं.

फोटोत तो मला हेच फुटवे दाखवत होता. सख्ख्या भावानं केसानं गळा कापला होता, आणि वर मी त्याचं गुणगान गात होते.

तो छाटणीची कात्री घेऊन पलीकडच्या ओळीत उभा होता. मी ती त्याच्या हातातून ओढली आणि बुडापासून फुटवे कापत सुटले. काट्यांनी हात सोलवटले, रडू आवरेना.

"का रं असं केलंस?" मी विचारलं.

तो खाली बघत म्हणाला, "वाटलं, फळच न्हाई म्हणल्यावर तूच म्हणशील, काढून टाक ओळ."

"आन् मी म्हणलेच नाही."

"ऱ्हाऊ दे आता, ताई. कशाला जीव काढतीयास? तुला कुठं हितं ऱ्हायचंय?"

"ऱ्हायचंय," मी म्हणाले. "तेच सांगाया आलीय. पुढल्या महिन्यात आम्ही दोघं येतोय."

 तो पुढं आला, त्यानं माझ्या हातातली कात्री काढून घेतली आणि माझ्या पुढच्या झाडाच्या बुडाशी वाकून तो फुटवे कापायला लागला.