राखणीचा डबा

आमच्या आप्पांना कोंबड्या कधीच आवडल्या नाहीत. माझ्या वडिलांचा स्वभावच असा, की जे रांगेत वागत नाही ते त्यांना खपत नसे. केळी ओळीत उभी राहते, ठिबकची नळी सांगितल्या जागी पाणी सोडते. कोंबडी मात्र कालच लावलेलं वांग्याचं रोप उकरते आणि वर आपलंच काही चुकल्यासारखी मान वाकडी करून आपल्याकडे बघते. बऱ्हाणपूरजवळ शाहपूरच्या अलीकडे आमचं शेत आहे आणि शेतातच घर. मायने माहेरून एक जोडी आणली होती, तिचा पुढे अंगणभर गोतावळा झाला. आप्पा रोज सकाळी त्यांच्या नावाने शंख करत. ते अंड्याला शिवतही नसत. अंडी जात आजूबाजूच्या बाळंतिणींकडे आणि आजाऱ्यांकडे. माय नवऱ्याचं सगळं ऐकून घेई आणि दाणे टाकत राही.

पिल्लं उचलणाऱ्या शिकऱ्याची, त्या छोट्या ससाण्याची, भीती तेव्हा फारशी नव्हती, कारण घराला लागूनच केळीची बाग होती. केळी मोठी झाली की पानाला पान लागतं आणि भर उन्हातही खाली सावली राहते. कोंबड्या दिवसभर त्या सावलीत उकरत बसायच्या. वरून फिरणाऱ्या शिकऱ्याला नुसती पानं दिसत.

त्या हिवाळ्यात आप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. सगळं समजत होतं, नजर पूर्वीसारखीच करडी होती, पण तोंडातून फक्त ‘ते, ते’ एवढंच निघे. दवाखाना जवळ पडावा म्हणून आम्ही त्यांना बऱ्हाणपूरला लोधीपुऱ्यात माझ्या घरी आणलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की हे पहिले महिने फार महत्त्वाचे आहेत, त्यांना बोलतं करा, माणूस एकदा गप्प बसायला शिकला की मग फार अवघड जातं.

मी शाळेत पहिलीचा वर्ग घेते. बोलतं करायला मला कुणी शिकवायची गरज नाही असा माझा समज होता. रोज संध्याकाळी मी चित्रांचे पत्ते घेऊन आप्पांसमोर बसे. हे काय, आप्पा? गाय. म्हणा, गाय. ज्यांचं अर्धं आयुष्य बैलांच्या शेपट्यांमागे गेलं त्यांना मी गाय ओळखायला लावत होते. पहिले काही दिवस त्यांनी माझ्यासाठी ओठ हलवून पाहिले. मग एके दिवशी डाव्या हाताने पत्ते बाजूला सारले आणि भिंतीकडे तोंड केलं. जेवणही त्याच सुमारास कमी झालं. माय चमचा घेऊन बसायची आणि आमटी गार व्हायची. मला त्यांचा राग येई, आणि राग येतो म्हणून रडू येई.

शेवटी मायनेच सांगितलं, की इथे ठेवून उपयोग नाही, यांना वावरात घेऊन चला. शेतावरून माझा भाऊ गाडी घेऊन आला.

आम्ही पोचलो तेव्हा मागची बाग कापून झाली होती. आप्पांच्या आजारपणात भावाने एकट्याने माल काढला, खोडं पाडली, आणि घरामागे जिथे वर्षभर हिरवी भिंत होती तिथे आता उघडं रान आणि वर नुसतं आभाळ. कोंबड्यांना हे कळायला मार्ग नव्हता. त्या रोजच्या सवयीने त्याच जागी जाऊन उकरत होत्या. अंगणाच्या कडेला कडुनिंबाखाली आम्ही आप्पांची बाज टाकली. ते बसून राहिले, कुठेच बघत नव्हते.

दोनेक दिवसांतच शिकऱ्याला ही जागा कळली. आधी साळुंक्यांनी कालवा केला, कोंबडा घशातून एक लांब आवाज काढून जागच्या जागी ताठ झाला, आणि आम्ही मान वर करेपर्यंत करड्या पंखांचं काहीतरी जमिनीलगत येऊन गेलं होतं. कबऱ्या कोंबडीचं एक पिल्लू कमी झालं. ती बिचारी अंगावरची सगळी पिसं फुलवून गोल गोल फिरत राहिली. आप्पांनी पाहिलं, पण काही केलं नाही.

दुसऱ्यांदा तो आला तेव्हा माय आणि मी आत भाकरी करत होतो. बाहेरून आवाज आला, “हाऽऽ हूर्रऽऽ!” पुरुषाचा, भरलेला, वावराच्या दुसऱ्या टोकाला जाईल असा. मला वाटलं रस्त्यावरून कुणी गडी ओरडला. माय तशीच पिठाच्या हातांनी बाहेर धावली. अंगणात दुसरं कुणीच नव्हतं. आप्पा बाजेवर अर्धे उठून डाव्या हातावर तोललेले, तोंड वर, आणि शिकरा रिकाम्या पायांनी केळीच्या खुंटांवरून दूर चाललेला. माय उंबऱ्यावर बसली आणि पिठाचे हात तोंडाला लावून रडली.

ती आरोळी आप्पांच्या लहानपणची होती. तेव्हा आमच्याकडे केळी नव्हती, ज्वारी असे. कणीस दुधात आलं की पोरांना माळ्यावर बसवत, म्हणजे वावरात चार खांबांवर बांधलेल्या मचाणावर, आणि ती दिवसभर गोफण फिरवत, ओरडत पाखरं हाकलत. शब्द सगळे गेले, पण त्याच्याही खाली कुठेतरी ही आरोळी शाबूत राहिली होती.

मायने लगेच घरातला पत्र्याचा जुना डबा आणि एक काठी आणून त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्या दिवसापासून आप्पा राखणीला बसले. ज्यांना आयुष्यभर शिव्या घातल्या त्यांचीच राखण करायची वेळ आली म्हणून भाऊ त्यांना चिडवायचा, आणि आप्पा त्याच्यावर काठी उगारायचे. सकाळी कुणी बाज बाहेर काढायला उशीर केला तर ते आतून डबा बडवत. भूक लागू लागली. माय म्हणे, हाताला काम दिल्याशिवाय पोट भाकर कसं मागेल.

आणि शब्द आले. हळूहळू, एकेक करून, आणि सगळे कोंबड्यांचेच. ‘आला.’ ‘गेला.’ ‘पिल्लं.’ मी लोधीपुऱ्याहून दर रविवारी जात असे, आणि पोचल्याबरोबर माय मला या आठवड्यात कुठला शब्द आला ते सांगायची, जशी आजी नातवाचं कौतुक सांगते. एकदा त्यांनी तिला विचारलं, “पाणी ठेवलं?” इतक्या महिन्यांनी बायकोशी बोललेलं पहिलं अख्खं वाक्य, तेही कोंबड्यांच्या पाण्याबद्दल. माय हे सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटली होती.

मग एका दुपारी त्यांचा डोळा लागला. ऊन तापलेलं, गोळ्यांची गुंगी, कुणाचाही लागला असता. शिकरा आला आणि त्याने कबरीचं आणखी एक पिल्लू नेलं. आप्पा जागे झाले ते कोंबड्यांच्या ओरडण्याने. त्यांनी डाव्या हाताने स्वतःच्या कपाळावर मारून घेतलं, पुन्हा पुन्हा. भावाला तो हात धरून ठेवावा लागला. संध्याकाळी ते जेवले नाहीत.

माझा भाऊ मनाने फार हळवा आहे आणि हाताने फार चपळ, आणि त्याचं मन दुखलं की हात चालायला लागतात. कोवळ्या केळीला गरम वाऱ्यापासून वाचवायला आम्ही बांधाने हिरवी जाळी लावतो. तीच त्याने आणली. बांबू रोवले, ठिबकच्या जुन्या नळ्या वाकवून वर कमानी केल्या, आणि सगळ्या अंगणावर जाळी ताणून बांधली. रविवारी मी गेले तर अंगणात हिरवा उजेड पडला होता. भाऊ खुशीत होता. “माय, अब टेन्शनच नको,” तो म्हणाला, “शिकरा क्या, चिमणी बी आत नाही येणार. आप्पा, आता आराम करा बिनधास्त.” काम खरोखर नेटकं झालं होतं, आणि आम्ही सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. आप्पा वर बघत होते. जाळीतून आभाळ नीट दिसत नाही.

कोंबड्या सुखात राहिल्या. कबरीने नवी पिल्लं काढली, ती सगळी जगली. डब्याचं आता काम नव्हतं म्हणून मायने त्यात मक्याचा भरडा भरून ठेवला.

आप्पांचं काय होतंय ते आमच्या लवकर लक्षात आलं नाही. आधी ते अंगणातून लवकर आत जाऊ लागले. मग बाहेर न्यायला कुणी आलं की नाही म्हणून मान हलवत. बाज आत गेली. ‘पाणी ठेवलं?’ बंद झालं, मग ‘आला’, ‘गेला’ही. कोण येणार होतं आणि कोण जाणार होतं? भाकरीचा तुकडा तोंडात तसाच राहू लागला. भावाला वाटलं पुन्हा झटका आला. आम्ही त्यांना बऱ्हाणपूरला नेलं, सगळ्या तपासण्या केल्या. डॉक्टर म्हणाले, नवीन काहीच नाही, पण असंच खाणं सुटत गेलं तर हे शरीर फार दिवस तगणार नाही. परतताना गाडीत भाऊ आणि मी कुठल्या मोठ्या दवाखान्यात दाखवावं यावर वाद घालत होतो. माय मागे आप्पांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

घरी पोचल्यावर तिने पदर खोचला, विळा घेतला आणि जाळीच्या गाठी कापायला लागली.

भाऊ धावत गेला. तिच्या हातातला विळा घ्यायची त्याची हिंमत नव्हती, तो नुसता तिच्या पुढेमागे करत राहिला. “अगं माय, शिकरा रोज येईन. एक बी पिल्लू नाही राहायचं. माही इतकी मेहनत फालतू गेली का?”

मायने हातातली गाठ कापून मगच त्याच्याकडे पाहिलं. ती रागावलेली नव्हती. “कोंबड्या मह्या हायेत,” ती म्हणाली. “गेल्या त मह्या जातीन. पेरतांना एक मूठ पाखराईची म्हणून टाकतो ना आपण? तशी ही शिकऱ्याची. पर त्याईले असं भिताडाकडे तोंड करून मी नाही मरू देणार.”

 भाऊ गेला आणि दुसऱ्या बाजूच्या गाठी सोडायला लागला. जाळी खाली आली तेव्हा अंगणात एकदम इतका उजेड पडला की डोळे दिपले. आम्ही तिघांनी मिळून बाज कडुनिंबाखाली आणली. आप्पांनी विरोध केला नाही, पण डोळेही उघडले नाहीत.

मी शाळेतून रजा घेतली आणि राहिले. दोन दिवस काहीच झालं नाही. आप्पा पडून असत, माय त्यांच्या पायाशी तांदूळ निवडत बसे. तिसऱ्या दिवशी सकाळी साळुंक्या ओरडल्या. कोंबडा ताठ झाला. मी वर पाहिलं, शिकरा शेवग्यावरून सुटला होता आणि माझ्या तोंडात ओरडणं आलं होतं, पण मायने माझ्या मनगटावर हात ठेवला. तिने वर पाहिलं नाही, ती आप्पांकडे बघत होती. तिची पिल्लं, जी तिने डाल्याखाली झाकून, मांडीवर घेऊन वाढवली होती, ती अंगणात पसरलेली होती आणि ती गप्प बसली होती. मला ते पाहवलं नाही. 

आप्पा ओरडले नाहीत. शिकरा आला आणि एक पिल्लू घेऊन गेला. कबरी त्याच्यामागे खुंटांपर्यंत धावली, मग पिसं फुलवून परत आली आणि बाजेभोवती ओरडत फिरायला लागली. मायच्या हातातलं सूप कलंडलं होतं आणि तांदूळ मातीत सांडले होते.  मला वाटलं, झालं, हा उपायही फुकट गेला.

तेवढ्यात आप्पांनी डोळे उघडले. त्यांनी कबरीकडे पाहिलं, मग मायकडे, बराच वेळ. तोंड हललं, बंद झालं, पुन्हा हललं.

“डबा,” ते म्हणाले.

माय उठली. आत जाऊन तिने डबा आणला, मक्याचा सगळा भरडा अंगणात ओतून दिला, आणि साऱ्या कोंबड्या पिल्लांसकट उघड्यावर धावत आल्या. रिकामा डबा आणि काठी तिने आप्पांच्या डाव्या हाताशी ठेवली. मग त्यांच्या पाठीला उशी लावून त्यांना बसतं केलं, म्हणजे आभाळ नीट दिसेल.