खांदशेकणीच्या दिवशी मी धावलो

पुण्याहून यवतमाळला जाणारी ट्रॅव्हल्सची बस सुटली, तेव्हा तिच्यातला सर्वांत तगडा माणूस मी होतो. ड्रायव्हरही माझ्याकडे आदरानं बघत होता. बस बंद पडली तर हा एकटा ढकलत नेईल, असा काहीसा भाव त्याच्या डोळ्यांत होता. निदान मला तो तसा दिसला. पन्नाशी ओलांडल्यावर मी धावायला लागलो आणि असा लागलो, की आमच्या टेकडीवरची कुत्री मला बघून रस्ता सोडायची.

पण या खेपेला मी नुसता बहिणीकडे पोळ्याच्या जेवणाला निघालो नव्हतो. दारव्ह्याजवळच्या तिच्या गावाहून भाऊजींचा, म्हणजे वसंतरावांचा, फोन आला होता. या माणसानं आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. या वेळी मागितलं.

"मधूभाऊ, सरदारचा हा शेवटचा पोया (पोळा). आता त्याच्या खांद्यावर जू ठेवत नाही मी. माह्या खुब्याचं ऑपरेशन झालं, एकट्यानं चालता येत नाही. तू ये. तोरणापर्यंत तुह्या खांद्यावर हात ठेवून येतो. तोरण तुटलं, की कासरा धरून तू धाव त्याच्यासंगं."

सरदार म्हणजे त्यांचा बैल. पांढराशुभ्र, म्हातारा, आणि चालण्यात अशी ऐट, की समोरून ट्रॅक्टर आला तर ट्रॅक्टरनं बाजूला व्हावं. त्याचा जोडीदार आधीच गेला होता. पोळ्याला गावातले बैल आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली उभे राहतात आणि तोरण तुटलं की घराकडे उधळतात. त्यांच्याबरोबर धावायला दमाचा माणूस लागतो. मी फोनवर म्हटलं, "भाऊजी, सरदारला सांगा, माझ्या मागे राहिलास तर वाईट वाटून घेऊ नकोस!"

आणि तयारीला लागलो. आमच्या धावण्याच्या गटाच्या प्रशिक्षक बाई रोज ओरडायच्या, "अहो, या वयात व्यायाम पचायला वेळ लागतो. स्नायू धावताना झिजतो आणि झोपेत भरून येतो. एक दिवस पळा, एक दिवस थांबा." मला वाटायचं, थांबायचं असतं तर घरी सोफा काय वाईट होता? मनगटावरचं घड्याळही लाल अक्षरांत विनवण्या करायचं : विश्रांती घ्या. मी त्याच्यावर बाही ओढायचो.

यवतमाळला उतरून दारव्ह्याची जीप धरली. आत जागा होती, तरी पोटऱ्यांना व्यायाम व्हावा म्हणून मी मागच्या पायरीवर चवड्यांवर उभा राहिलो. दोन्ही बाजूंना कमरेएवढी कपाशी, शेंगांनी भरलेलं सोयाबीन, मध्येच दांडग्या पानांचे साग. एक म्हातारी पदराआडून बराच वेळ माझे चवडे न्याहाळत होती.

"काहून उभा राह्यला बापा? बसाची जागा दुखून राह्यली का?"

"नाही आजी, व्यायाम करतोय."

"घरी काम नाही वाटते," ती शेजारणीला म्हणाली, आणि अख्खी जीप हसली. ड्रायव्हर तर इतका हसला, की जीप कपाशीत शिरता शिरता राहिली.

घरी पोहोचलो तेव्हा भाऊजी ओसरीवर काठी घेऊन उभे होते. त्यांनी माझा खांदा हातानं चाचपला, बाजारात बैलाचा चाचपावा तसा. "चालते," म्हणाले. ताईनं पाटवडीचा रस्सा, ज्वारीची भाकर आणि ठेचा वाढला. त्या ठेच्याचं काय सांगू! एक घास घेतला आणि मेलेले पूर्वज क्षणभर उठून बसले.

तो दिवस खांदशेकणीचा, म्हणजे पोळ्याच्या आधीचा. त्या दिवशी बैलाला कुणी कामाला जुंपत नाही. सकाळी त्याला नदीवर धुतात, संध्याकाळी त्याचे खांदे शेकतात. जेवण झाल्यावर मी बूट चढवायला लागलो, तशी ताई दारात आडवी झाली.

"कुठं चालला?"

"जरा मारुतीच्या टेकडीवर जाऊन येतो. अंग मोकळं करतो."

"रातभर बसमधी आखडला तू, आताच जेवला. आज बैलालेही कोणी हलवत नाही, अन् तू पयतो (पळतोस)?"

"ताई, मी काय बैल आहे?"

"बैलाले समजते," ताई म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

मी धावलो. टेकडी चढलो, उतरलो, परत चढलो. परतताना सडकेवर सकाळचीच जीप मागून आली. ड्रायव्हरनं ओळखलं आणि हॉर्न वाजवला. मी वेग वाढवला. आता कुणी विश्वास ठेवो न ठेवो, वळणापर्यंत जीप माझ्या मागे होती! तिच्यापुढे म्हशींचा कळप होता हे खरं, पण मागे होती ती होतीच. आणि वळणावर माझ्या उजव्या पोटरीत, कापूस पिंजताना धनुकलीची तार तुटावी तसा आवाज झाला. त्या आवाजानं म्हशींनीही वळून बघितलं.

त्याच जीपमधून घरी आलो. या वेळी बसून.

संध्याकाळी अंगणात सरदार उभा होता, धुतलेला, शांत. भाऊजींनी स्टुलावर बसून पळसाचं पान कोमट तूप-हळदीत बुडवलं आणि त्याच्या खांद्यावर, जुवानं घट्टे पडलेल्या जागी, हळूहळू शेकत राहिले. बैलाचे डोळे मिटत होते. "आज आवतन घे, उद्या जेवाले ये," त्यांनी त्याला रीतीप्रमाणे निमंत्रण दिलं. मग पातेल्यात उरलेलं तूप-हळद घेऊन माझ्या खाटेशी सरकले आणि तेच पान माझ्या पोटरीवर ठेवलं.

"भाऊजी, उद्यापर्यंत बरं होईल," मी म्हटलं.

त्यांनी पान पुन्हा तुपात बुडवलं. सुजलेली पोटरी दोघांनाही दिसत होती. त्यांनी मला एक शिवी दिली असती, तर मी त्यांचे पाय धरले असते.

दुसऱ्या दिवशी मला पाय टेकवेना. शेजारचा गजानन स्वतःच्या जोडीबरोबर सरदारलाही न्यायला आला. जाताना म्हणाला, "काका, पोरं खुर्चीत बसवून नेतात तुमाले."

"चौघायनं उचलून नेता? अजून जिता हावो मी," भाऊजी हसले. "अन् पाहुण्याले एकट्याले कसा टाकू? जाय तू."

मी जा म्हटलं, ताईनं म्हटलं; ते उठले नाहीत. सरदार दारातून बाहेर पडताना थबकला आणि त्यानं मान वळवून भाऊजींकडे बघितलं. मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी वाढवून सांगितल्या, ही नाही. मग गजाननच्या हातातला कासरा ताणला गेला आणि तो वळला.

आम्ही दोघे लंगडे खाटेवर बसून पोळा ऐकत राहिलो. भोंग्यावरून झडत्या (बैलांसमोर म्हणतात ती कवनं) येत होत्या. एकाएकी गजाननचा आवाज आला :

"बैल बसला सावलीत, मामा धावला उनात,
बैल आला तोरणात, मामा राह्यला घरात!"

महादेवाच्या गजरात सगळं गाव त्या मामाला, म्हणजे मला, हसलं. भाऊजीही हसले, पोट धरून. मग दुपट्ट्यानं डोळे पुसले आणि दुपट्टा बराच वेळ डोळ्यांवरून काढला नाही. तेवढ्यात तोरण तुटल्याचा कल्ला झाला. "सुटला," ते म्हणाले. "डाव्या अंगानं धावते तो. कासरा ढिला सोडा लागते. गजाननले सांगाचं राह्यलं."

ते त्यांना मला सांगायचं होतं, माझ्या खांद्यावर हात ठेवून तोरणापर्यंत चालता चालता.

सरदार परतला, तेव्हा त्याच्या शिंगात आंब्याचं एक पान अडकलं होतं. ताईनं त्याचे पाय धुतले, ओवाळलं, पुरणपोळी भरवली. भाऊजींनी ते पान काढून खिशात ठेवलं.

निघताना मी म्हटलं, "पुढच्या पोळ्याला नक्की येतो."

"पोयाले नको येऊ," ते म्हणाले. "खांदशेकणीले ये. तुले अन् त्याले संगंच शेकतो."

आता पुण्यात एक दिवस चालतो, एक दिवस बसतो. बसायच्या दिवशी प्रशिक्षक बाईंना धन्य वाटतं. परतीच्या बसमध्ये मात्र पाय समोरच्या सीटखाली पसरून बसलो होतो, आणि मनगटावरचं घड्याळ हिरवंगार उजळलं. पूर्ण विश्रांती झाली, तुमचं शरीर धावायला तयार आहे, असं त्याचं म्हणणं होतं. मी खिडकीबाहेर बघितलं. पोळ्याचा दुसरा दिवस होता. शेतांत गळ्यात घुंगरं राहिलेले बैल पुन्हा जुंपलेले दिसत होते, आणि त्यांत सरदार कुठेच असणार नव्हता.